पायातली गुठळी, फुगलेल्या शिरा आणि बिघडलेले व्हॉल्व्ह: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

मी गेली अकरा वर्षं पुण्यात व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या ओपीडीत सिस्टर म्हणून काम करते, दिवसातला बराचसा वेळ लोकांच्या पायांना पट्टी बांधण्यात जातो. पट्टी बांधताना जे विचारतात तेच नंतर मेसेजमध्ये येतं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. कुणाला कुठलं औषध आणि किती, ते तुमचे डॉक्टरच ठरवणार. पण एक आधीच सांगते, एकच पाय अचानक सुजला असेल तर तो चोळू नका आणि त्याच दिवशी दाखवा. आणि सोबत दम लागत असेल तर हे वाचत बसू नका, १०८ ला फोन करा.

१. डॉक्टर म्हणाले "नस खराब झालीय". म्हणजे नक्की काय खराब झालंय?

आपण नस हा शब्द तीन-चार गोष्टींना वापरतो आणि निम्मा गोंधळ तिथूनच होतो. कंबरेतून पायात कळ जाते तेव्हा "नस दबली" म्हणतो, ती नर्व्ह. रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा "शीर चढली" म्हणतो, तो स्नायू आखडलेला असतो. हृदयाकडून पायाकडे रक्त नेते ती धमनी आणि पायाकडून वर परत आणते ती शीर, म्हणजे व्हेन. या पानावर फक्त शिरेबद्दल लिहिलंय. तुम्हाला कुणी नस म्हणालं तर तिथल्या तिथे विचारा, नर्व्ह, आर्टरी की व्हेन? तिन्हींचे डॉक्टर वेगळे, तपासण्या वेगळ्या, आणि चुकीच्या दारात लोकांचे महिने जातात.

२. व्हॉल्व्ह तर हृदयात असतात ना? पायात कुठून आले?

पायाच्या शिरांमध्ये पण असतात, पातळ पापुद्र्यासारख्या दोन पाकळ्या, रक्त वर जाताना उघडतात आणि खाली यायला लागलं की मिटतात. उभं असताना पायातल्या रक्ताला तीन-चार फूट वर चढायचं असतं, ते चढवतो पोटरीचा स्नायू. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, शीर दाबली जाते, रक्त वर ढकललं जातं, आणि खालचा व्हॉल्व्ह ते परत येऊ देत नाही. म्हणून पोटरीला दुसरं हृदय म्हणतात.

घरी बघता येतं. हात खाली सोडा, शिरा टरारल्या की मनगटाजवळ एका शिरेवर बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने त्या शिरेतलं रक्त कोपराच्या दिशेने पुसत न्या, मग वरचं बोट उचला. वरून रक्त खाली येतं पण मधेच एका जागी थांबतं, त्याखालचा तुकडा रिकामाच राहतो. जिथे थांबलं तिथे व्हॉल्व्ह. इंग्लंडच्या विल्यम हार्वीने १६२८ मध्ये रक्त शरीरात गोल फिरतं हे मांडलं तेव्हा पुरावा म्हणून हाच प्रयोग दाखवला होता. मी नवीन मुलींना ट्रेनिंग देताना हाच करून दाखवते, एकदा डोळ्याने बघितलं की मग समजवावं लागत नाही.

पाकळ्या नीट मिटल्या नाहीत की रक्त मागे गळतं, त्याला रिफ्लक्स म्हणतात. खाली रक्त साठतं, शीर फुगते, वेडीवाकडी होते, ती व्हेरिकोज व्हेन.

३. माझेच व्हॉल्व्ह का खराब झाले? मांडी घालून बसल्याने होतं का?

मांडी घालून बसण्याने किंवा पायावर पाय टाकण्याने व्हॉल्व्ह बिघडत नाहीत, हे मनातून काढा. सगळ्यात मोठं कारण घराण्यात असणं. आईवडिलांना असेल तर तुम्हाला व्हायची शक्यता वाढते. त्यावर वय, वजन, बाळंतपणं, आणि एका जागी तासन् तास उभं राहणं. आमच्याकडे शिक्षक येतात, ट्रॅफिक पोलिस येतात, केस कापणारे येतात, पोळ्या लाटणाऱ्या मावशी येतात, इचलकरंजीहून लूमवर उभं राहणारे येतात. चालणाऱ्याला त्रास कमी, कारण चालताना पंप सुरू असतो. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या माउलींना मी चालू नका म्हणत नाही, फक्त मुक्कामाला पोचल्यावर पाय उंच करून पडा म्हणते.

दुसरं कारण गुठळी. खोल शिरेत, म्हणजे स्नायूंच्या आतल्या मोठ्या शिरेत, गुठळी झाली की ती विरघळताना व्हॉल्व्हच्या पाकळ्यांवर व्रण सोडून जाते, त्या आखडतात, मिटत नाहीत. व्हॉल्व्ह बिघडला की रक्त साठतं आणि साठलेल्या रक्तात गुठळीचा धोका थोडा वाढतो. म्हणून हे दोन विषय मी वेगळे करू शकत नाही.

४. गुठळी तेलकट-तुपकट खाल्ल्याने, कोलेस्टेरॉलने होते का?

ते ब्लॉकेज धमनीतलं, हृदयाचं किंवा पायाच्या रक्तपुरवठ्याचं. शिरेतल्या गुठळीची तीन कारणं रुडॉल्फ फिरशो या जर्मन डॉक्टरच्या नावाने १८५६ पासून शिकवली जातात आणि आजही तीच आहेत: रक्त मंदावणं, शिरेच्या आतल्या भिंतीला इजा होणं आणि रक्त गोठायची ओढ वाढणं. मोठ्या ऑपरेशनमध्ये तिन्ही एकदम जमतात. प्लास्टर, दिवसेंदिवस अंथरुणावर पडून राहणं, कॅन्सर, गरोदरपण, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, आधी झालेली गुठळी, लठ्ठपणा ही रोजच्या पाहण्यातली कारणं. दरवर्षी १३ ऑक्टोबरला थ्रॉम्बोसिस (म्हणजे गुठळी) दिन असतो तो फिरशोचा वाढदिवस.

५. पायात गुठळी झालीय हे घरी कसं ओळखायचं?

पक्कं ओळखता येत नाही, शंका मात्र घेता येते. एकच पाय सुजणं, पोटरी जड आणि दुखरी होणं, पाय गरम लागणं, लालसर किंवा जांभळट दिसणं. शिंप्याचा टेप घ्या, गुडघ्याखाली नडगीवर जो उंचवटा लागतो त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर डॉक्टर पण ते गंभीरपणे घेतात. फरक कमी असला म्हणून निर्धास्त होऊ नका, काही जणांना फक्त दुखतं.

गुठळी सुटून फुप्फुसात गेली की अचानक दम लागतो, श्वास घेताना छातीत टोचतं, धडधडतं, चक्कर येऊन माणूस पडतो, कधी खोकल्यातून रक्त येतं. तेव्हा ओपीडीची वेळ बघायची नाही, थेट इमर्जन्सी.

माझ्या आईचं सांगते. गुडघा बदलून घरी आणलं होतं, बाराव्या दिवशी ऑपरेशनच्याच पायाची पोटरी टणक झाली. फोन करून विचारलं तर "ऑपरेशननंतर सूज असतेच" असं उत्तर मिळालं, आणि ते खोटं नव्हतं, सूज असतेच. पण आदल्या दिवशी उतरत आलेली सूज एका रात्रीत दुप्पट झाली होती, ते कुणी विचारलं नाही आणि मला सांगायचं सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी आई बाथरूममधून येताना भिंतीला धरून खाली बसली, ओठ निळे पडले होते. वाचली. तेव्हापासून फोनवर मी पहिलं हेच विचारते, काल किती होती आणि आज किती आहे?

६. पाय दुखतोय, सुजलाय. मालीश केलं, शेकलं तर चालेल ना?

सूज कशाची ते कळेपर्यंत नाही. खोल शिरेत गुठळी असेल तर जोरात चोळल्याने ती सुटू शकते. दोन दिवस तेल लावून बघू, मग ठरवू, असं करू नका. डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, होऊन गुठळी नाही असं कळलं की मग खुशाल लावा तेल. फिजिओथेरपिस्टकडे जात असाल तर त्यांनाही सूज आधी दाखवा.

७. डी-डायमर वाढलेला आला. म्हणजे गुठळी आहे का?

तेवढ्यावरून म्हणता येत नाही. ही रक्ताची टेस्ट "नाही" सांगायला चांगली, "आहे" सांगायला नाही. शंका कमी असेल आणि डी-डायमर नॉर्मल असेल तर गुठळी जवळजवळ नाहीच. पण ऑपरेशन, ताप, इन्फेक्शन, गरोदरपण, कॅन्सर, नुसतं वाढलेलं वय, यातल्या कशानेही तो वाढतो. पक्कं उत्तर देतो तो पायाचा डॉपलर, शीर प्रोबने दाबून बघतात, दबली तर मोकळी, नाही दबली तर आत काहीतरी आहे. पहिला डॉपलर नॉर्मल आला पण पाय तसाच असेल तर आठवड्याने परत करायला सांगतात, ते पैसे उकळणं नाही, पोटरीतली छोटी गुठळी कधीकधी वर सरकून नंतर दिसते.

८. माझे दोन्ही पाय सुजतात. हा पण शिरांचाच आजार का?

दोन्ही पाय सारखे सुजत असतील तर आधी हृदय, किडनी, लिव्हर, थायरॉइड आणि बीपीच्या गोळ्या बघायच्या. अॅम्लोडिपिनने पाय सुजतात, हे माहीत नसल्याने लोक उगाच शिरांमागे लागतात. विदर्भातून फोन येतात तेव्हा उलटं होतं, सुजलेला पाय म्हणजे हत्तीपाय असं गावात ठरवून टाकलेलं असतं. हत्तीरोग तिकडे आहेच, पण ती सूज महिन्यांनी, वर्षांनी वाढते. एका दिवसात आलेली एका पायाची सूज म्हणजे प्रश्न ५.

९. रक्त पातळ करायच्या गोळ्या गुठळी विरघळवत नाहीत म्हणे. मग घ्यायच्या कशाला? आणि झोपून राहायचं का?

खरंय, त्या विरघळवत नाहीत, आणि रक्त पाण्यासारखं पातळ पण करत नाहीत. त्या गुठळी वाढू देत नाहीत, नवीन होऊ देत नाहीत. त्या वेळात शरीर आपलं आपण जुनी गुठळी हळूहळू साफ करतं. विरघळवणारं औषध वेगळं, त्यात रक्तस्राव जास्त, म्हणून ते जिवावर बेतलं असेल किंवा पाय जायची वेळ आली असेल तेव्हाच देतात.

झोपून राहू नका. पूर्वी आठवडाभर हलू देत नसत, आता औषध सुरू झालं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की चालायला लावतात, त्याने दुखणं पण लवकर कमी होतं.

१०. गोळ्या किती महिने? आयुष्यभर का?

कमीत कमी तीन महिने, हे बहुतेक सगळ्यांना. ऑपरेशन किंवा प्लास्टरसारखं कारण होतं आणि ते संपलं, तर बहुतेकांच्या तीन महिन्यांनी बंद होतात. कारणच सापडलं नाही, किंवा दुसऱ्यांदा झाली, किंवा कॅन्सर सुरू आहे, तर लांबतात, काहींना कायम. विनाकारण झालेली गुठळी कधीकधी लपलेल्या कॅन्सरची पहिली खूण असते, म्हणून वजन घटतंय, भूक नाही, शौचातून रक्त जातंय असं काही असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा. पाय बरा वाटतोय म्हणून महिन्याभरात गोळ्या सोडणारे खूप बघितलेत, आणि त्यातले काही परत आलेले पण बघितलेत.

११. श्रावणात उपवास असतात. रिव्हरॉक्साबॅन उपाशीपोटी घेतली तर?

रिव्हरॉक्साबॅन ही रक्त पातळ करायची गोळी. तिची १५ आणि २० मिलिग्रॅमची गोळी पोटात अन्न असेल तरच नीट शोषली जाते, रिकाम्या पोटी तिचा बराचसा भाग वायाच जातो. म्हणजे गोळी घेतलीत पण संरक्षण अर्धवट. साबुदाण्याची खिचडी, वरी-आमटी, रताळं हे पण अन्नच आहे, त्याच्यासोबत घ्या. निर्जळी उपवास मात्र करू नका. अॅपिक्साबॅनला अन्नाची अट नाही, पण ती दिवसातून दोनदा असते, संध्याकाळची विसरते.

अजून एक, रिव्हरॉक्साबॅन पहिले २१ दिवस १५ ची दोनदा आणि मग २० ची एकदा अशी बदलते. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं पण मेडिकलवाला तीच पट्टी परत देतो आणि लोक महिनोन् महिने जुनाच डोस घेतात. कॅलेंडरवर बाविसाव्या दिवशी गोल करून ठेवा. गोळी चुकली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. पहिल्या तीन आठवड्यांत चुकली तर नियम वेगळा आहे, डॉक्टरांना फोन करा.

१२. पालेभाजी बंद करायला सांगितलीय. खरंच बंद?

हे फक्त वॉरफरिन आणि अॅसिट्रॉमसारख्या गोळ्यांना लागू, प्रश्न ११ मधल्या गोळ्यांना नाही. मेथी, पालक, चाकवत, कोथिंबीर यात व्हिटॅमिन के असतं, ते या गोळ्यांच्या उलट काम करतं. बंद करायची गरज नाही, सारखेपणा पाहिजे. आठवड्यातून दोनदा खात असाल तर दोनदाच खात राहा. एक आठवडा अजिबात नाही आणि पुढच्या आठवड्यात शेतावरून आली म्हणून रोज, असं केलं की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, खालीवर होतो. बहुतेकांचा आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो, तो सांभाळायचं काम तुमच्या जेवणाच्या सवयीवर पण आहे.

१३. या गोळ्यांवर असताना पेनकिलर, काढे, जळवा, दात काढणं?

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन मनाने घेऊ नका, पोटात रक्तस्राव होतो. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल, ते पण बेताने. काढे, लसणाच्या-हळदीच्या कॅप्सूल यांचं डॉक्टरांना सांगा, लपवू नका, कुणी रागावणार नाही. जेवणातला लसूण, हळद सुरू ठेवा. जळवा लावू नका. जळूच्या लाळेतच रक्त न गोठणारा पदार्थ असतो, त्यात तुमच्या गोळ्या, जखम वाहतच राहते. दात काढायचा असेल तर डेंटिस्टला आधी सांगा आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका, बऱ्याचदा बंद करावी लागत पण नाही.

१४. शिरा फुगल्यात पण दुखत नाहीत. लेझर करायलाच पाहिजे का?

नाही. नुसत्या दिसतात, त्रास नाही, कातडी चांगली आहे, तर थांबायला हरकत नाही. चालत राहा, वजन बघा, उभ्याचं काम असेल तर दाबाचे मोजे घाला (प्रश्न २०). कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लालनिळ्या रेषा तर बहुतेक दिसण्यापुरत्याच. पण संध्याकाळी पाय भरून येतात, घोट्याजवळ खाज सुटते, कातडी काळवंडते (प्रश्न २२), शीर एकदा फुटलीय (प्रश्न २१), किंवा शिरेत गुठळी झालीय (प्रश्न १९), तर थांबू नका.

१५. माझा डॉपलर झोपवून केला. चालतो का?

गुठळी शोधायला चालतो. व्हॉल्व्ह गळतोय का हे बघायला उभंच करायला पाहिजे, पेशंट उभा, ज्या पायाची तपासणी त्यावर भार नाही, पोटरी दाबून सोडायची आणि रक्त किती वेळ मागे येतं ते मोजायचं. वरच्या, म्हणजे कातडीजवळच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त, मांडीच्या आणि गुडघ्यामागच्या खोल शिरेत एक सेकंदापेक्षा जास्त मागे आलं तर व्हॉल्व्ह बिघडला. झोपवून केलेल्या रिपोर्टवर "नो रिफ्लक्स" लिहिलं असेल आणि पाय मात्र सांगतोय काहीतरी वेगळंच, तर उभं करून परत करून घ्या. ऑपरेशनचा निर्णय या रिपोर्टवर होतो, त्यामुळे इथे भीड धरू नका.

१६. लेझर, आरएफ, ग्लू, फोम यात चांगलं काय? आणि शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?

पायातलं बहुतेक रक्त खोल शिरांमधून जातं, वरची बिघडलेली शीर रक्त वर नेण्याऐवजी खाली आणत असते. ती बंद केली की रक्त चांगल्या रस्त्याने जातं, पाय हलका होतो.

लेझर आणि आरएफमध्ये (रेडिओफ्रीक्वेन्सी) सुईच्या भोकातून शिरेत तार घालून आतून उष्णता देतात, शीर आवळून मिटते. आजूबाजूला भुलीचं थंड पाणी सोडतात, त्या टोचण्याचंच लोकांना जास्त लक्षात राहतं. दोन्हींचा निकाल जवळपास सारखा. ग्लूमध्ये उष्णता नाही, त्यामुळे ते टोचणं नाही, पण महाग आणि काहींना अॅलर्जीसारखी लाली येते. फोम म्हणजे औषधाचा फेस, छोट्या वाकड्या शिरांना बरा, मोठ्या शिरेत परत उघडायची शक्यता जास्त. जांघेत चिरा देऊन शीर ओढून काढायचं जुनं ऑपरेशन अजून चालतं आणि नीट केलं तर चांगलं चालतं. मशीन कुठलं यापेक्षा डॉपलर कुणी आणि कसा केला हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

१७. या उपचारानेच गुठळी होते असं वाचलं. खरं का?

होऊ शकते, पण क्वचित, साधारण शंभरात एखाद्याला. आतून भाजलेल्या शिरेतली गुठळी जांघेत वरची शीर खोल शिरेला मिळते त्या जोडापाशी थोडी पुढे, खोल शिरेत डोकावते. म्हणून काही दिवसांनी डॉपलर करून बघतात, तो टाळू नका. बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवून किंवा थोडे दिवस गोळ्या देऊन ती जाते. धोका कमी करायला तुमच्या हातात एकच मोठी गोष्ट आहे, टेबलवरून उतरल्यावर लगेच चाला आणि पुढचे दिवस पण रोज चाला. लेझर झालं म्हणून आठ दिवस पलंगावर बसणं हे सगळ्यात वाईट. आधी गुठळी झाली असेल, हार्मोनच्या गोळ्या सुरू असतील, घरात कुणाला झाली असेल, तर ते आधीच सांगा, मग काही दिवस इंजेक्शन देतात. आणि मांडीत आतून दोरीसारखं ओढणं, हिरवंनिळं पडणं हे दोन आठवडे असतंच, ती गुठळी नाही. पूर्ण पोटरी सुजली तर प्रश्न ५.

१८. शिरा भयंकर फुगल्यात तरी डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नको. का?

बहुतेक तुमच्या खोल शिरेत जुनी गुठळी आहे आणि रस्ता अजून बंद आहे. मग वरच्या फुगलेल्या शिरा म्हणजे हायवे बंद असताना गावातून काढलेला रस्ता. तोच बंद केला तर पाय अजून तुंबेल. आधी खोल शीर मोकळी आहे का, ओटीपोटातली मोठी शीर दाबली गेलीय का, हे बघावं लागतं (प्रश्न २६). खोल शिरेत नुसता रिफ्लक्स असेल पण रस्ता मोकळा असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा वरची शीर बंद करून फायदा होतो. म्हणजे "डीप व्हेनमध्ये प्रॉब्लेम" एवढंच ऐकून घाबरू नका, अडथळा आहे की गळती ते विचारा.

१९. फुगलेली शीर अचानक लाल, कडक, दोरीसारखी झाली. ही पण तीच गुठळी का?

ही वरच्या शिरेतली गुठळी. छोटी असेल तर दुखण्याचं औषध, मोजे, चालणं एवढ्यावर भागतं. पण डॉपलर हवाच. ५ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब असेल तर साधारण ४५ दिवस रक्त न गोठायचं औषध देतात, आणि जांघेतल्या जोडापासून ३ सेंटिमीटरच्या आत पोचली असेल तर खोल शिरेच्या गुठळीसारखाच पूर्ण उपचार. हाताला सलाईन लावून तशीच दोरी झाली असेल तर बहुतेक ती आपोआप जाते.

२०. मोजे कुठले घ्यायचे? उन्हाळ्यात घालवत नाहीत.

बहुतेकांना गुडघ्यापर्यंतचे पुरतात. क्लास २, म्हणजे घोट्यापाशी २३ ते ३२ मिलिमीटर पाऱ्याचा दाब, हे नेहमीचं. माप सकाळी उठल्या उठल्या घ्या, घोटा, पोटरी आणि लांबी, संध्याकाळच्या सुजलेल्या पायाचं माप घेतलं तर मोजे ढिले येतात. सकाळी घालायचे, झोपताना काढायचे. सहा महिन्यांनी बदला, दाब उतरतो.

डायबेटिस, तंबाखू-विडी किंवा चालताना पोटरी भरून येणं असं काही असेल तर आधी घोट्याचं आणि हाताचं बीपी मोजून घ्या. घोट्याचं भागिले हाताचं ०.९ च्या खाली असेल तर विचारल्याशिवाय मोजे नको, ०.५ च्या खाली असेल तर नकोच, धमनी आधीच कमी रक्त देतेय आणि आपण वरून आवळतोय असं होतं. डायबेटिसमध्ये हा आकडा फसवा चांगला येतो, तेही लक्षात ठेवा.

गुठळीनंतर प्रत्येकाने दोन वर्षं मोजे घालायचेच असं आम्हाला शिकवलं होतं. २०१४ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात मोज्यांनी पुढचा त्रास टळतो असं दिसलं नाही. सूज आणि जडपणा मात्र कमी वाटतो, म्हणून ज्याला बरं वाटतं त्याने घालावेत. उन्हाळ्यात निदान उभ्याच्या कामाच्या वेळेत घाला.

२१. आंघोळ करताना शिरेतून रक्ताची चिळकांडी उडाली. काय करायचं?

लगेच जमिनीवर झोपा, पाय भिंतीवर किंवा खुर्चीवर छातीपेक्षा उंच करा, आणि जिथून येतंय तिथेच स्वच्छ फडक्याने बोटाने दहा मिनिटं दाबून धरा, मधे मधे उघडून बघू नका. मांडीला दोरी बांधू नका, त्याने शिरेतलं रक्त अडतं आणि जास्त वाहतं. खुर्चीत बसू नका, उभं राहून तर मुळीच नाही. एकटे राहणारे म्हातारे लोक उभ्याने फडकं शोधत फिरतात आणि फार रक्त जातं. थांबलं तरी त्याच दिवशी दाखवा, ती शीर परत फुटते.

२२. घोट्याजवळची कातडी काळी पडलीय, आता जखम झालीय. वर्षभर मलम लावतोय.

घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडं वर, बरोबर ना? व्हॉल्व्हच्या गळतीने दाब वाढतो, रक्तातल्या तांबड्या पेशी बाहेर झिरपतात आणि त्यातलं लोह कातडीत साचून ती तपकिरी-काळी होते. खाज येते, एक्झिमा समजून मलम सुरू होतं, मग एक दिवस खाजवल्याचं निमित्त होऊन जखम.

ही जखम मलमाने भरत नाही, दाबाने भरते. चार थरांची पट्टी, पायाच्या बोटांच्या मुळापासून गुडघ्यापर्यंत, आठवड्यातून एकदा-दोनदा बदलायची. आठ वर्षं जखम घेऊन आलेले एक ड्रायव्हर काका होते, पहिली पट्टी सोडली तेव्हा पाय अर्धा झाला होता आणि कडेने गुलाबी नवीन कातडी धरली होती, ते बोट लावून बघत राहिले. पट्टीबरोबर गळकी शीर लवकर बंद केली तर जखम लवकर भरते, हे २०१८ च्या अभ्यासात स्पष्ट दिसलंय, म्हणून "आधी जखम भरू दे मग ऑपरेशन" हे आता बदललंय. पट्टी बांधायच्या आधी प्रश्न २० मधली बीपीची तपासणी लागतेच. वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेतून एकदा तुकडा तपासायला द्या, क्वचित त्यात कॅन्सर निघतो.

२३. बाळंतिणीने सव्वा महिना हलायचं नाही असं सासूबाई म्हणतात. आणि गरोदर असताना रक्त पातळ करायची इंजेक्शनं बाळाला चालतात का?

सव्वा महिन्याची विश्रांती, डिंकाचे लाडू, कुणीतरी हातात ताट देणं, सगळं चांगलं आहे, बाईला हवंच आहे. पण गुठळीचा धोका बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त, म्हणजे नेमका तोच काळ. सिझेरियन असेल तर अजून. म्हणून विश्रांती म्हणजे घरातल्या घरात चालत राहून घेतलेली विश्रांती, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि भरपूर पाणी. सासूबाईंना असंच सांगा, ऐकतात, माझा अनुभव आहे. मालीशवाल्या बाईंना एक पाय जास्त सुजलेला दिसला तर मालीश थांबवून आधी दाखवायचं.

हेपरिनची इंजेक्शनं वारेतून बाळाकडे जात नाहीत, म्हणून गरोदरपणात तीच देतात. वॉरफरिनने बाळात व्यंग येऊ शकतं, रिव्हरॉक्साबॅन-अॅपिक्साबॅन पण गरोदरपणात आणि अंगावर पाजताना नको. पाजताना हेपरिन आणि वॉरफरिन चालतं. गोळ्यांवर असताना दिवस राहिलेत अशी शंका आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

२४. गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊ का? मला आधी डीव्हीटी (खोल शिरेतली गुठळी) झालीय.

नाही. नॉरइथिस्टेरॉनची गोळी मोठ्या डोसमध्ये घेतली की तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. ज्यांना आधी गुठळी झालीय त्यांनी ती घ्यायची नाही. ज्यांना झाली नाही त्यांनीही मेडिकलमधून परस्पर न घेता एकदा डॉक्टरांना विचारून घ्यावी, विशेषतः वजन जास्त असेल, घरात कुणाला गुठळी झाली असेल तर. पूजेला बसायचं म्हणून मुलींवर घरून दबाव येतो आणि गोळी आणून दिली जाते, हे मला दरवर्षी दिसतं आणि फार वाईट वाटतं. गोळ्या सुरू असताना पाय दुखायला लागला तर घरात कुणाला काय वाटेल याचा विचार न करता डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा. गर्भनिरोधकाच्या एकत्र हार्मोनच्या गोळ्यांनाही हेच लागू.

२५. आईबाबा अमेरिकेला मुलाकडे चाललेत. इतक्या तासांच्या विमानाने गुठळी होते का?

चार तासांपेक्षा जास्त बसून प्रवास केला की धोका दोन-तीन पट होतो, पण मुळात तो इतका कमी असतो की सहा हजारांत एखाद्याला. विमानच असं नाही, नागपूर-पुणे रात्रीची ट्रॅव्हल्स पण त्यात आली. तासा-दीड तासाने उठून चालायचं, बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करायचे, पाणी प्यायचं, झोपेची गोळी घेऊन एकाच अवस्थेत आठ तास झोपायचं नाही. बॅग पायाखाली ठेवून पाय अडकवू नका. आधी गुठळी झालेल्यांनी, नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी किंवा कॅन्सर असलेल्यांनी आधी डॉक्टरांना भेटावं, मोजे किंवा एखादं इंजेक्शन देतात. अॅस्पिरिन मनाने घेऊ नका, त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

२६. गुठळी डाव्याच पायात का झाली? दुसऱ्यांदा पण डावाच.

ओटीपोटात उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाच्या मोठ्या शिरेवरून जाते आणि तिला पाठीच्या कण्यावर दाबते. बऱ्याच जणांत हे असतं आणि काही त्रास नसतो. पण काहींची शीर आतून जाड होते, अरुंद होते, रक्त अडतं. १९५७ मध्ये मे आणि थर्नर या दोघांनी हे नीट वर्णन केलं म्हणून मे-थर्नर सिंड्रोम. तरुण बाई, डावा पाय, मांडीपर्यंत सूज, असं असेल तर नुसता पायाचा डॉपलर पुरत नाही, पोटातली शीर सीटी किंवा एमआरआयने बघावी लागते. खरोखर अरुंद असेल तर स्टेंट घालतात. गरोदरपणातली गुठळी बहुतेकदा डाव्या पायात होते, त्यामागे पण हेच.

२७. मला झाली म्हणून मुलांच्या रक्ताच्या टेस्ट करू का?

सरसकट नको. रक्त गोठायची ओढ जन्मतः जास्त आहे का हे बघायच्या प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटीथ्रॉम्बिन वगैरे टेस्ट महाग आहेत आणि गुठळी ताजी असताना किंवा औषधं सुरू असताना केल्या तर खोट्या कमी येतात. असे कितीतरी रिपोर्ट घेऊन लोक येतात, आयुष्यभराचा आजार समजून. पन्नाशीच्या आत विनाकारण गुठळी, घरात दोघा-तिघांना, किंवा वारंवार गर्भपात असेल तर योग्य वेळी करतात. फॉस्फोलिपिड अँटिबॉडी मात्र महत्त्वाची, ती पक्की निघाली तर प्रश्न ११ मधल्या नवीन गोळ्यांपेक्षा वॉरफरिन बरी ठरते. मुलांना इतकंच सांगून ठेवा की ऑपरेशन, बाळंतपण किंवा हार्मोनच्या गोळीची वेळ आली की "माझ्या आईला गुठळी झाली होती" हे डॉक्टरांना सांगायचं.

२८. बायपासला पायाची शीर काढली, आता तो पाय सुजतो.

पहिले काही महिने बऱ्याच जणांना होतं, शीर काढताना आजूबाजूच्या लिम्फच्या बारीक वाहिन्या पण तुटतात. पाय उंच, चालणं, डॉक्टरांनी हो म्हटलं तर मोजे. अचानक वाढली तर प्रश्न ५. आणि उलट बाजूने, व्हेरिकोजसाठी शीर बंद करताना काही लोक विचारतात उद्या बायपासला लागली तर? वेडीवाकडी फुगलेली शीर बायपासला तशीही फारशी उपयोगाची नसते.

२९. बिघडलेला व्हॉल्व्ह दुरुस्त होतो का? नवीन बसवता येतो का?

औषधाने, तेलाने, व्यायामाने बिघडलेली पाकळी परत मिटत नाही. वरच्या शिरेचा व्हॉल्व्ह दुरुस्त करत बसत नाहीत, ती शीरच बंद करतात (प्रश्न १६). खोल शिरेतला व्हॉल्व्ह शिवून दुरुस्त करायचं किंवा दंडातल्या शिरेचा व्हॉल्व्ह असलेला तुकडा काढून मांडीत जोडायचं ऑपरेशन आहे, पण मोजक्या ठिकाणी, मोजक्या पेशंटवर, बाकी सगळं करून जखम भरत नसेल तर. शोध सुरू आहेत, पण तुमच्या डॉक्टरने सुचवला नसेल तर यूट्यूबवर बघून त्यामागे धावू नका. पंप चांगला ठेवला तर गळका व्हॉल्व्ह घेऊन माणूस वर्षानुवर्षं नीट राहतो, घोटा आखडू देऊ नका, उभ्याने टाचा उचलायचा व्यायाम रोज करा.

आईच्या उजव्या पायाचे व्हॉल्व्ह गेले ते गेले. सकाळी साडेसहाला ती पलंगाच्या कडेला बसते, मी पायात प्लॅस्टिकची पिशवी चढवते म्हणजे मोजा सरकतो, टाच बसली की बोटांकडून पिशवी ओढून काढते, हाताने सुरकुत्या सारख्या करते. मग ती सोसायटीला चार फेऱ्या मारून येते आणि तोवर मी चहा टाकलेला असतो.